प्रभाग समितीची तिसरी खुर्ची

हे सगळं एका प्रश्नावरून सुरू झालं, आणि तो प्रश्नही माझा नव्हता.

मुंबईच्या विकास आराखड्याचा सुधारित मसुदा २७ मे २०१६ ला प्रसिद्ध झाला. आमच्या वस्तीच्या मागे एक मोकळा भूखंड आहे. अर्ध्यावर पोरं क्रिकेट खेळतात, अर्ध्यावर कोणाचं तरी डेब्रिज पडलेलं असतं. त्यावरचं मैदानाचं आरक्षण हलू नये म्हणून आमच्या मंडळाने हरकत नोंदवली होती. सुनावणीला आम्ही चौघं गेलो. टेबलापलीकडे समिती, अलीकडे आम्ही आणि आमच्यामागे दारापर्यंत माणसं. आमच्यातल्या ताईंनी नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत विषय मांडला, मी शेजारून फोटो पुढे सरकवत होतो. समितीने ऐकलं, लिहून घेतलं, एक-दोन प्रश्न विचारले. तक्रार करावी असं काही घडलं नाही. बाहेर आल्यावर टपरीवर कटिंग हातात घेऊन ताई म्हणाल्या, "माणसं बरी होती रे. पण ह्यांना तिथे बसवलं कोणी?"

चौघांपैकी एकालाही सांगता येईना. मी एका खासगी कंपनीत हिशेबनीस, दुसरा रिक्षावाला, तिसरे निवृत्त शिक्षक. पंचवीस वर्षं मंडळ चालवणारी माणसं आम्ही. अभ्यासिका, रक्तदान, नाल्याची ओरड, सगळं केलेलं. पण आपल्यासमोर बसलेली माणसं तिथे कशी आली हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

ताईंनी आठवड्याभरात उत्तर काढलं. त्या नर्स होत्या, आता निवृत्त. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय असल्यामुळे कायद्याचं पुस्तक त्यांना जड गेलं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम २८. आराखड्यावरच्या हरकती ऐकायला नियोजन समिती नेमायची. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे नगरसेवक, आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जण; नगररचनेतले किंवा पर्यावरणातले जाणकार. "म्हणजे एक तर निवडून ये, नाहीतर तज्ज्ञ हो," ताई म्हणाल्या, "आपण दोन्हीकडचे नाही."

तिथेच विषय मिटला असता. पण फोर्टातून आणलेली पुस्तकं परत द्यायची नव्हती, त्यामुळे त्या वाचत राहिल्या. मग एका रविवारी त्यांनी मला अभ्यासिकेत बोलावून एक पान पुढे केलं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ५० टीटी. खाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

गोष्ट अशी आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत असं ठरवलं. त्यानुसार मुंबईच्या कायद्यात हे कलम आलं. मुंबईत तेव्हा प्रशासकीय वॉर्ड २४, पण प्रभाग समित्या १७, कारण काही ठिकाणी दोन-तीन वॉर्ड मिळून एक समिती. तिच्यात त्या भागातले सगळे नगरसेवक, वॉर्डाचे सहायक आयुक्त आणि जास्तीत जास्त तीन जण बाहेरचे. बाहेरचे म्हणजे त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे सदस्य. त्यांचं नामनिर्देशन कोणी करायचं? त्याच समितीतल्या नगरसेवकांनी.

ह्या शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. मास्तरांचं म्हणणं, ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं त्यांनीच लक्ष ठेवणारा निवडायचा, मग अर्थ काय राहिला? मला ते पटत होतं. ताई मात्र म्हणाल्या, "तेरा नगरसेवकांतला एकही ज्या संस्थेला ओळखत नाही, ती संस्था वॉर्डात करते काय मग?" हेही खरंच होतं. आज विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे असंच मी सांगेन, आणि पुढे जे घडलं ते ह्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतच घडलं.

आमचा वॉर्ड कुठला ते लिहीत नाही. ज्याला ओळखायचा तो नाल्यावरून ओळखेल.

२१ फेब्रुवारी २०१७ ला महापालिकेची निवडणूक झाली, २२७ नगरसेवकांची. दोन पहिले पक्ष ८४ आणि ८२. एवढ्या काट्याच्या आकड्यांमुळे प्रत्येक समितीत, प्रत्येक खुर्चीवर गणित मांडलं जाणार हे उघड होतं. आम्ही ठरवलं, अर्ज करायचा. नाव ताईंचं. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. २००५ च्या २६ जुलैला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, नाल्याकाठच्या चाळीतली सोळा माणसं ज्या बाईने अभ्यासिकेच्या माळ्यावर चढवली, तिच्यापेक्षा लायक आमच्याकडे दुसरं कोण होतं?

अर्जाचा कच्चा मसुदा करताना मास्तरांनी कलमातला परंतुक मोठ्याने वाचला. नामनिर्देशित व्यक्ती त्या प्रभाग समितीच्या हद्दीत मतदार म्हणून नोंदलेली असली पाहिजे.

ताई गप्प झाल्या. त्यांची चाळ २०१३ मध्ये पुनर्विकासाला गेली होती. बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात वॉर्डात खोली मिळेना, म्हणून त्या बदलापूरला राहायला गेल्या. रोज सकाळी सहा बावीसची लोकल पकडून अभ्यासिका उघडायला येत. मतदार यादीतलं नावही त्यांनी शहाण्या नागरिकासारखं बदलापूरला नेलं होतं. नाव न हलवता इथेच ठेवणारे आमच्या ओळखीचे पन्नास जण होते, पण ताईंनी नियम पाळला आणि नियमानेच त्या बाद झाल्या.

"तू भर अर्ज," त्या मला म्हणाल्या. "मी सांगते, तू बोल."

मी नाही म्हणालो. घरी बायकोने विचारलं, "अहो, पगार कापून मीटिंगांना जाणार का?" मी तिलाही नाही म्हणालो. चौथ्या दिवशी अर्ज माझ्या नावाने होता.

आता कागद. ह्या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक समजतात की अशा नेमणुका ओळखीवर होतात. होतात, पण ओळखीपर्यंत पोचण्याआधी फाईल पोचावी लागते आणि निम्म्या संस्था तिथेच गळतात. आम्हीही गळणारच होतो.

संस्था मान्यताप्राप्त हवी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. ते होतं, १९९१ चं, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले. तेही होते, कारण हिशेब माझ्याकडे. मग सध्याच्या विश्वस्तांची यादी, धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे. मी निवांत होतो. वरळीला अ‍ॅनी बेझंट रोडवर सास्मिरा इमारतीत जाऊन परिशिष्ट १ च्या, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्याच्या, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाकला. प्रत हातात आली तेव्हा जिन्यातच उभं राहून वाचली आणि तिथल्याच पायरीवर बसलो.

यादीत सात विश्वस्त. पैकी तीन वारलेले. एक सावंतवाडीला कायमचे गेलेले. एकांनी २००३ मध्ये गणपतीच्या वर्गणीवरून भांडून राजीनामा दिला होता, तोही तोंडी. उरलेल्या दोघांत मी नव्हतो आणि ताईही नव्हत्या. आम्ही दहा-बारा वर्षं अध्यक्ष आणि चिटणीस म्हणून सह्या करत होतो; सरकारच्या दप्तरी मात्र मंडळाचे अध्यक्ष २०११ साली वारलेले आमचे दादाच होते.

दोष कोणाचाच नाही, आमचाच. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. आम्ही निवडणूक घ्यायचो, पेढे वाटायचो, इतिवृत्त लिहायचो आणि वही कपाटात ठेवायचो. सव्वीस वर्षांत एकही चेंज रिपोर्ट नाही. मी हिशेबनीस! कंपनीचा टीडीएस एक दिवस उशिरा गेला तर मला रात्री झोप येत नाही.

मग सुरू झाली वरळीची वारी. ओळखीच्या एका वकिलांनी फी न घेता मार्ग सांगितला: प्रत्येक बदलासाठी वेगळा अर्ज, सोबत उशीर माफ करावा म्हणून विनंती, प्रतिज्ञापत्र, त्या-त्या वर्षीच्या सभेची नोटीस, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं आणि वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. इतिवृत्ताच्या वह्या मास्तरांनी जपल्या होत्या म्हणून निभावलं. १९९८ च्या एका सभेत विषय क्रमांक चारखाली "चहा गार होता, पुढील सभेत सुधारणा व्हावी" असा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला सापडला. वकील म्हणाले, हे पानही जोडा, वही खरी आहे हे कळेल.

दाखल्यांसाठी मी विरारला गेलो, दादांच्या मुलाकडे. फोनवर तो जरा तुटकच बोलला होता. वडील गेल्यावर सहा वर्षांत मंडळातलं कोणी फिरकलं नव्हतं. दार उघडून त्याने बसायला सांगितलं, आत गेला आणि एक चपटं पाकीट घेऊन आला. त्यात मृत्यूचा दाखला, लॅमिनेट केलेला. त्याच्या मागे, त्याच लॅमिनेशनमध्ये, मंडळाचं जुनं ओळखपत्र अडकलेलं: दादांचा काळा-पांढरा फोटो, "अध्यक्ष", आणि वर सुतळीचं भोक. "आईने एकत्रच करून घेतलं," तो म्हणाला. "वेगळं काढता येणार नाही. झेरॉक्स काढलीत तर मागचंही उमटेल." खाली उतरून दुकानात झेरॉक्स काढली. खरंच उमटलं. दाखल्याच्या अक्षरांमागे दादांचा चेहरा पुसटसा दिसत होता. तीच प्रत अर्जाला जोडली. वरळीला बारनिशीतल्या, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेणाऱ्या, बाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता शिक्का मारला.

बदल अर्जांचा निकाल लागायला वेळ लागतो. आम्ही पोचपावत्या जोडून अर्ज दिला आणि पत्रात सरळ लिहिलं, की चूक आमची आहे आणि ती दुरुस्त करतो आहोत.

फाईल आत गेली. आता तेरा नगरसेवक.

ह्यातल्या सगळ्यांकडे मी गेलो असं नाही. नऊ जणांना भेटलो. एकांच्या कार्यालयात रात्री दहानंतरच भेट व्हायची. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शाळेचा दाखला, पाण्याचं कनेक्शन आणि नवऱ्याची मारहाण अशी तीन कामं घेऊन तीन बायका बसलेल्या. माझी वेळ आली तेव्हा साडेअकरा. भाऊंनी अर्ज वाचला, चांगला दोन वेळा वाचला, आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

"मंडळाचा."

"ते झालं हो. पण कोणाचे?"

हा प्रश्न मला पुढे पाच ठिकाणी विचारला गेला. दर वेळी शब्द वेगळे. एकांनी पुनर्विकासाच्या बाजूचे की विरोधातले असं विचारलं, एकांनी कुठल्या गणपतीचे असं विचारलं. चिडण्यासारखं काही नाही हे हळूहळू लक्षात आलं. तीन खुर्च्या आणि तीन-चार पक्ष. प्रत्येकाने आपल्या कार्यकर्त्याला कुठेतरी बसवायचं कबूल केलेलं असतं. तिकीट न मिळालेला, प्रचारात राबलेला, महिला आघाडीतली कोणीतरी. त्यांच्याही संस्था असतात. काही नावापुरत्या, पण काही खरोखर काम करणाऱ्या. पक्षाचा माणूस म्हणजे काम न करणारा, असा आमच्यासारख्यांचा एक आवडता समज आहे. तो मी त्या महिनाभरात सोडला.

एक मॅडम नव्यानेच निवडून आल्या होत्या. मी फाईल उघडायच्या आधीच म्हणाल्या, "माझा मुलगा तुमच्या अभ्यासिकेत बसून बारावी झाला. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून पहाटे पाचला जायचा." मग मुलाचं बरंच काही सांगितलं. माझं काम दोन मिनिटांत. "माझं एक मत धरा. पण माझ्या एकटीवर काही नाही, गटनेते ठरवतात."

ह्या काळात आमच्या वस्तीत एक गोंधळ झाला तोही सांगतो. मी स्वीकृत नगरसेवक होणार अशी बातमी उठली. स्वीकृत नगरसेवक वेगळे: ते थेट महापालिकेच्या सभागृहात, पक्षांच्या बळाप्रमाणे, तेव्हा पाच होते आणि आता दहा. प्रभाग समितीवरचा संस्थेचा सदस्य म्हणजे सभागृहाशी संबंध नाही, निधी नाही, गाडी नाही, पाटी नाही. हे मी पंधरा जणांना समजावलं. सोळाव्याने हार आणला.

ज्या बैठकीत नावं ठरायची होती, त्या दिवशी ताई आणि मी वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लाकडी बाकड्यावर बसलो होतो. आत बोलावणं नव्हतंच. आम्ही आपले असेच. समोर पाणी खात्याच्या दारावर रांग. आतून मधूनच आवाज चढत होता आणि उतरत होता. शिपाई दोनदा चहाचा ट्रे घेऊन गेला, दुसऱ्यांदा जाताना म्हणाला, "दोन झाले. तिसऱ्यावर अडलंय."

आत काय झालं ते मला नंतर वेगवेगळ्या तिघांकडून कळलं आणि तिघांचं सांगणं जुळलं, म्हणून लिहितो. पहिल्या दोन जागा दोन मोठ्या गटांनी एकेक घेतल्या होत्या. तिसरी दोघांनाही हवी होती. एकाने आपलं नाव दिलं की दुसरा अडवणार. शेवटी त्या मॅडमनी अभ्यासिकेचा अर्ज काढला. कोणीतरी विचारलं, हा कोणाचा? रात्री साडेअकरावाले भाऊ म्हणाले, "विचारलं मी. कोणाचाच नाही." आणि ह्याच कारणासाठी दोन्ही बाजू तयार झाल्या.

मला निवडलं गेलं ते नाल्यामुळे नाही, २६ जुलैमुळे नाही, वाळवी लागलेल्या प्रमाणपत्रामुळे तर नाहीच. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पाणी खात्याच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

पत्र बऱ्याच दिवसांनी आलं. मग पहिली बैठक. मी पांढरा शर्ट इस्त्री करून गेलो आणि कुठे बसायचं ते कळेना. नगरसेवकांच्या खुर्च्या ठरलेल्या, अधिकाऱ्यांच्या ठरलेल्या. आम्हा तिघा संस्थावाल्यांसाठी शिपायाने टेबलाच्या टोकाला खुर्च्या आणून ठेवल्या. तिसरी खुर्ची हात नसलेली. पुढची काही वर्षं मी त्याच खुर्चीवर बसलो, कोणी दिलेली नसताना. सवयच लागली. उरलेले दोघे दोन पक्षांचे होते. एक बाई बचत गटांचं काम करायच्या आणि नाल्यापेक्षा शौचालयांची माहिती त्यांना माझ्या दसपट होती.

त्या समितीला अधिकार किती? कायद्यात काम तीन प्रकारचं लिहिलं आहे: पाणी, मलनिःसारण, सफाई, पावसाळी पाण्याचा निचरा ह्यांच्या तक्रारी लवकर सोडवणं; वॉर्डाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर शिफारस करणं; आणि अर्थसंकल्पात तरतूद असेल तर ठराविक रकमेपर्यंतच्या छोट्या कामांना मंजुरी देणं. ती रक्कम मूळ तरतुदीत पाच लाख होती. मुंबईत पाच लाखांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक गल्ली, अर्धं गटार. दर वर्षी अध्यक्ष निवडला जायचा तोही नगरसेवकांमधूनच.

मग मिळालं काय? कार्यक्रमपत्रिका. बैठकीआधी ती घरी यायची. आधी आम्हाला खोदकाम सुरू झाल्यावर कळायचं. आता खोदायच्या आधी कागदावर दिसायला लागलं. एकदा प्रस्तावात शौचालयाच्या दुरुस्तीला आमच्या शेजारच्या गल्लीचं नाव होतं. दोन गल्ल्यांची नावं एकाच संताची, एकात 'महाराज' जास्त. पडकं शौचालय महाराज नसलेल्या गल्लीत. मी हात वर केला, बचत गटवाल्या बाईंनी मान हलवली, अभियंत्यांनी तिथल्या तिथे पेनाने दुरुस्ती केली. तीस सेकंदांचं काम. पाच वर्षांत मी केलेल्या कामांत ते सगळ्यात मोठं असावं असं मला कधीकधी वाटतं आणि ते वाटल्यावर जरा ओशाळायलाही होतं.

कबुली एक द्यायलाच हवी. बैठका कामाच्या दिवशी, दुपारी तीनला. नगरसेवकांचं ते कामच, अधिकाऱ्यांचं ऑफिस तिथेच, माझं ऑफिस अंधेरीला. अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, नाहीतर पगार कापून घ्यायचा. मार्चमध्ये, वर्षअखेरीला, मी जाऊच शकत नव्हतो. नेमक्या त्याच काळात एकदा भूखंडाच्या कुंपणाचा विषय आला आणि पुढे ढकलला गेला. ताईंनी मला काही म्हटलं नाही. बदलापूरहून येणाऱ्या बाईने एकही सकाळ चुकवली नव्हती. तिने काही म्हटलं नाही हे जास्त लागलं.

समितीची मुदत महापालिकेच्या मुदतीबरोबरच संपते. ७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. निवडणूक नाही म्हणून नगरसेवक नाहीत, नगरसेवक नाहीत म्हणून प्रभाग समिती नाही आणि समितीच नाही म्हणून ती हात नसलेली खुर्चीही नाही. जवळजवळ चार वर्षं. त्या काळात काम थांबलं असं नाही. अधिकारी भेटत, अर्ज घेत. फक्त कार्यक्रमपत्रिका यायची बंद झाली. पुन्हा खोदल्यावरच कळायला लागलं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. ताईंना त्यात मत देता आलं नाही. त्यांच्या इमारतीचा ताबा मिळाला ऑगस्ट २०२५ मध्ये, बारा वर्षांनी, चौदाव्या मजल्यावर. आणि ह्या निवडणुकीला धरली गेली १ जुलै २०२५ ची मतदार यादी. महिनाभराने हुकलं. मतदानाच्या दिवशी त्या केंद्राबाहेर आमच्या म्हाताऱ्या माणसांना नावं शोधून देत उभ्या होत्या, बोटाला शाई नसलेल्या एकट्याच.

गेल्या रविवारी त्या अभ्यासिकेत आल्या आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. फॉर्म ८, पत्ता बदलल्याचा, आणि त्याखाली मतदार यादीतल्या नोंदीचं प्रिंटआउट. नाव, भाग क्रमांक, नवा पत्ता. आमच्याच वॉर्डातला.

"फाईल कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कपाटाच्या वरच्या फळीवर होती. धूळ झटकून उघडली. बदल अर्ज मंजूर झाल्याचे आदेश वरतीच लावलेले होते. ताईंनी चष्मा लावला, विश्वस्तांच्या यादीवरून बोट फिरवत खाली आल्या आणि पाचव्या नावावर थांबल्या. मास्तर. गेल्या दिवाळीनंतर गेले.

"नव्वद दिवस कधी होतात?" त्या म्हणाल्या.

मी कॅलेंडर बघितलं. अजून अकरा दिवस होते. ताईंनी पर्स उचलली, मी इतिवृत्ताची वही घेतली आणि मास्तरांच्या घरी फोन लावला, दाखल्याच्या दोन प्रती काढून ठेवा म्हणून. लॅमिनेशन करू नका, हेही सांगितलं.